बौद्धिक खेळ आणि सकारात्मक शिक्षण : प्राथमिक शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न (पुणे)

पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि जिल्ह्यातल्या शाळांमधले पहिली ते पाचवीचे शिक्षक फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि आमच्या बौद्धिक खेळांच्या शिक्षक-प्रशिक्षणातल्या चहाच्या सुट्टीत जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा एकमेकांशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, म्हणजे तीच गोष्ट दोनदा वाचावी लागणार नाही.

1. बौद्धिक खेळ म्हणजे नेमके कोणते? कॅरम आणि सापशिडी त्यात येतात का?

ज्या खेळात हार-जीत मुख्यतः विचारावर ठरते, तो बौद्धिक खेळ. सापशिडीत फासा सगळे ठरवतो आणि कॅरममध्ये बोटांचे कसब लागते, म्हणून हे दोन्ही इथे धरत नाहीत. 2008 मध्ये बीजिंगला पहिल्या जागतिक माइंड स्पोर्ट्स स्पर्धा झाल्या. त्यात बुद्धिबळ, ब्रिज, ड्राफ्ट्स, गो आणि चिनी बुद्धिबळ असे पाच खेळ होते. आपल्याकडचे नवकंकरी आणि वाघ-शेळी हे खेळही या व्याख्येत चपखल बसतात. चल्लस आणि सारीपाटात कवड्या किंवा फासे असतात. आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकवण्यासाठी ते उत्तम आहेत, पण या प्रशिक्षणात ते नाहीत. प्राथमिक वर्गांसाठी आम्ही नवकंकरी, वाघ-शेळी आणि बुद्धिबळ हे तीनच खेळ घेतो.

2. सकारात्मक शिक्षण म्हणजे मुलांना कायम हसत ठेवायचे का?

नाही, आणि हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. ही कल्पना मार्टिन सेलिग्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आली. आनंददायी भावना, तल्लीनता, नातेसंबंध, अर्थ आणि काही साधल्याचे समाधान अशा पाच अंगांनी माणसाचे बरे चालते, अशी त्यांची मांडणी आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये 2018 पासून आठवीपर्यंत आनंदाचा वेगळा तास सुरू झाला, तो याच्या जवळचाच प्रयोग.

वर्गात याचा अर्थ असा, की मुलाला वाईट वाटले तर ते वाटू द्यायचे, त्या भावनेला नाव द्यायचे आणि मग पुढे काय करता येईल ते बघायचे. हरलेल्या मुलाला "काही नाही रे, खेळच आहे" म्हटले की बोलणे तिथेच संपते. "वाईट वाटलं ना?" म्हटले की सुरू होते. बुद्धिबळाचा पट यासाठी सोयीचा आहे, कारण एका तासात निम्मा वर्ग हरतो आणि सरावाला रोज संधी मिळते. प्रत्यक्ष काय बोलायचे ते प्रश्न 12 मध्ये आहे.

3. मला स्वतःला बुद्धिबळ येत नाही. तरी मी शिकवू शकते का?

हो. पट मांडणे, सहा मोहऱ्यांच्या चाली, शह आणि मात यांतला फरक आणि बरोबरीचे दोन-तीन प्रकार एवढे आले की पहिल्या वर्षाचे काम चालते. पहिल्या दोन दिवसांच्या बारा तासांत हे नीट बसते. चांगले खेळणाऱ्या शिक्षकांचीच अडचण जास्त होते. ते तिसऱ्याच आठवड्यात डावाच्या सुरुवातीच्या पाठ चाली शिकवू लागतात. मुले चार चालींत मात करण्याचा डाव घोकतात, तो एकदा फसला की पुढे काय खेळायचे ते त्यांना कळत नाही.

4. प्रशिक्षण किती तासांचे असते? शाळा बुडते का?

एकूण 30 तास. सुरुवातीला दोन पूर्ण दिवस (12 तास), मग सहा महिने दरमहा दोन तासांची बैठक (12 तास), तुमच्या वर्गाची दोन निरीक्षणे आणि त्यावर चर्चा (3 तास), आणि उरलेले 3 तास नोंदवही भरण्याचे. मासिक बैठका शनिवारी दुपारी ठेवतो, त्यामुळे सुरुवातीचे दोन दिवस सोडले तर तास बुडत नाहीत. मासिक बैठका चुकवून फक्त सुरुवातीचे दोन दिवस केले तर उपयोग फार थोडा होतो. खऱ्या अडचणी वर्गात खेळ सुरू झाल्यावर येतात आणि त्या सुटतात दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत.

5. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या 50 तासांत हे धरले जाते का? वरिष्ठ वेतनश्रेणीला चालेल का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असे म्हणते. आमचे तास त्यात धरायचे की नाही, हे तुमचे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि प्रशासन ठरवते. म्हणून नाव नोंदवण्याआधी लेखी विचारा. प्रशिक्षण संपल्यावर विचारले की अडते. वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीचे प्रशिक्षण पूर्णपणे वेगळे आहे. ते कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत होते आणि त्याच्या जागी आमचे प्रमाणपत्र चालत नाही.

6. बुद्धिबळाने गणिताचे गुण वाढतात ना? पालकसभेत तसे सांगू का?

सांगू नका. इंग्लंडमध्ये 100 प्राथमिक शाळांत एक मोठी चाचणी झाली आणि तिचा अहवाल 2016 मध्ये आला. ज्या वर्गांना वर्षभर बुद्धिबळ शिकवले, त्यांच्या गणितात एक वर्षानंतर इतरांच्या तुलनेत फरक दिसला नाही. पालकांना गुणांचे आश्वासन दिले आणि सहामाहीला ते दिसले नाहीत, की खेळ बंद होतो. आम्ही हे पुन्हापुन्हा सांगतो, कारण वर्गातले खेळ बंद पडण्याचे सगळ्यांत नेहमीचे कारण हेच असते.

गणितासाठी पट वापरता मात्र छान येतो. रिकाम्या पटावर हत्ती कुठेही ठेवा, त्याला जायला 14 घरे मिळतात. मुलांना हे सांगू नका, त्यांनाच मोजू द्या. कोपऱ्यात 14, मध्यभागी 14, कडेला 14 असे आले की कुणीतरी "बाई, सगळीकडे तेवढीच!" म्हणून ओरडते. मग घोडा द्या. कोपऱ्यात 2, मध्यभागी 8, अधेमधे 3, 4 आणि 6. प्रत्येक घरात त्याचा आकडा लिहून चौथीचा वर्ग अर्ध्या तासात पूर्ण तक्ता करतो, आणि घोडा मध्यभागी का ठेवायचा हे वेगळे शिकवावे लागत नाही.

7. 40 मुलांच्या वर्गाला किती साहित्य लागते?

दहा संच पुरतात. एका पटावर दोघांविरुद्ध दोघे बसवा. जोडीदाराशी कुजबुजून ठरवल्याशिवाय चाल नाही, असा नियम केला की मुले विचार बोलून दाखवतात आणि तो तुम्हाला ऐकू येतो. एकाविरुद्ध एक बसवले की हे हरवते. म्हणून 20 संचांचे पैसे असले तरी पहिले तीन महिने दहाच काढा.

पट गुंडाळता येणारा, घराची बाजू साधारण 5 सेंटिमीटर. विकत घेताना एका घरात चार प्यादी ठेवून बघा. मावली पाहिजेत, नाहीतर वर्गात मोहरे एकमेकांना धक्के मारतात. प्रत्येक रंगाचा एक जादा वजीर मागून घ्या, प्याद्याला बढती मिळाली की लागतो. घड्याळ पहिल्या वर्षी नको. फळ्यावर टांगायचा चुंबकी पट मात्र हवाच. तो नसेल तर पत्र्याच्या फळ्यावर खडूने घरे आखून मागे चुंबक चिकटवलेली पुठ्ठ्याची मोहरी लावा.

नवकंकरी आणि वाघ-शेळीला तर खडू आणि खडेच पुरतात.

8. पहिली-दुसरीला कुठून सुरुवात करावी?

बुद्धिबळापासून नको. आधी तीन-तीन खड्यांचा साधा खेळ, मग नवकंकरी. नवकंकरीत एकात एक तीन चौकोन आणि 24 बिंदू असतात, प्रत्येकाकडे 9 खडे. पाळीपाळीने सगळे खडे मांडायचे, मग रेषेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकवायचे. तीन एका रेषेत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. ज्याच्याकडे दोनच उरले किंवा ज्याला सरकताच आले नाही, तो हरला. पुष्कळ जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर हा पट कोरलेला आढळतो. सहलीला गेलात तर मुलांना शोधायला सांगा.

दुसरीच्या दुसऱ्या सत्रात बुद्धिबळ घ्या, पण फक्त प्याद्यांची लढाई. दोन्हीकडे आठ-आठ प्यादी, बाकी पट रिकामा. ज्याचे प्यादे आधी पलीकडच्या शेवटच्या रांगेत पोचले तो जिंकला. कुणालाच चाल उरली नाही तर बरोबरी. प्यादे सरळ चालते पण तिरके मारते, ही सगळ्यांत गोंधळाची गोष्ट इथेच पक्की होते. त्यानंतर दर आठवड्याला एकेक मोहरा त्यात मिळवा : हत्ती, उंट, वजीर, राजा आणि शेवटी घोडा.

9. पट मांडताना मुले नेहमी कुठे चुकतात?

दोन ठिकाणी. पट आडवा फिरलेला असतो, किंवा राजा-वजिराची अदलाबदल होते. तपासायला दोन वाक्ये पुरतात : "उजव्या हाताला पांढरे घर" आणि "वजीर आपल्या रंगाच्या घरात". पट फिरलेला असेल तर दुसरे वाक्य पाळूनही मांडणी चुकते, म्हणून क्रम तोच ठेवा.

10. 35 मिनिटांच्या तासिकेत हे बसते का?

बसते. पाच मिनिटे फळ्यावर एकच कोडे, सात मिनिटे नवीन गोष्ट, पंधरा मिनिटे खेळ, पाच मिनिटे बोलणे आणि तीन मिनिटे मोहरे मोजून भरणे. वेळ कमी पडला की शिक्षक बोलण्याची पाच मिनिटे कापतात. कापायचेच असेल तर खेळ कापा. डाव अर्धवट राहिला तरी "आत्ता कोणाचं बरं चाललंय आणि का?" हे विचारता येते. ज्या शाळांत आनंददायी शनिवार नियमित घेतला जातो, तिथे ही तासिका शनिवारी सहज बसते.

11. मुले धडाधड चाली खेळतात, विचारच करत नाहीत. काय करावे?

"हातांवर बसा." अक्षरशः तळवे मांडीखाली. तिसरीतले मूल फुकट मिळणारा वजीर दिसला की झडप घालते, आणि तो का फुकट मिळतोय हे मारल्यावर कळते. हात मांडीखाली असले की ते बाहेर काढायला एक क्षण लागतो. त्या क्षणात विचारायचा प्रश्न एकच : "त्याने ती चाल का खेळली?"

हात लावलेला मोहरा खेळायचाच, हा नियम तिसरीपासून लावा. मोहरा नुसता घरात नीट ठेवायचा असेल तर आधी "ठीक करतो" किंवा "ठीक करते" म्हणायचे. पहिली-दुसरीला हा नियम लावला तर भांडणेच जास्त होतात.

12. हरल्यावर मूल रडते किंवा पट उधळते. तेव्हा नेमके काय करायचे?

आधी गर्दी हटवा. रडणाऱ्या मुलाभोवती पाच जण उभे असतील तर तुमचे कुठलेही वाक्य लागू पडत नाही. जिंकलेल्या मुलाला मोहरे मोजायचे काम द्या. मग शेजारी बसा, समोर नाही, आणि एक-दोन मिनिटे जाऊ द्या. त्यानंतरचे बोलणे साधारण असे होते :

"मी हरलो."
"हो. वाईट वाटलं ना?"
"हं."
"कुठपर्यंत बरं चाललं होतं तुझं?"
"माझा हत्ती गेला तिथपर्यंत."
"तिथे परत मांड बघू. आता काय खेळशील?"

डाव मागे नेऊन मांडताना मूल शांत होते, कारण हात आणि डोके दोन्ही कामाला लागतात. त्याला स्थिती आठवत नसेल तर जोडीदाराला बोलवा. "पुढच्या वेळी जिंकशील" असे म्हणू नका, पुढच्या वेळीही तो हरू शकतो.

पट उधळला असेल तर मोहरे त्याने स्वतः गोळा करायचे, पण शांत झाल्यावर. वर्गासमोर माफी मागायला लावू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मानसिक छळालाही बंदी आहे. शिवाय त्या माफीनंतर ते मूल पटाजवळ यायचेच टाळते. हस्तांदोलन मात्र डावाच्या आधीही आणि नंतरही, रोज, सगळ्यांनी.

13. शाबासकी कशी द्यावी? "हुशार आहेस" म्हणण्यात काय चूक?

चूक अशी, की उद्या हरल्यावर त्याच मुलाला आपण हुशार नाही असे वाटते, आणि मग ते आपल्यापेक्षा कच्च्याशीच खेळू लागते. जे डोळ्यांनी दिसले ते सांगा : "उंट हलवण्याआधी तू त्याच्या वजिराकडे बघितलंस." "घोडा गेला तरी तू डाव सोडला नाहीस." मेहनतीची खोटी शाबासकीही नको. न विचार करता खेळलेल्या मुलाला "छान प्रयत्न" म्हटलेले त्यालाही पटत नाही.

आठवड्यातून एकदा, शेवटच्या तासिकेला, "या आठवड्यातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या" हे वहीत लिहून घ्या. खरी किंमत त्या "का"ची आहे. रोज लिहायला लावले की महिन्याभरात सगळ्या वह्यांत "डबा छान होता" एवढेच उरते.

14. एकच मुलगा सगळ्यांना हरवतो. त्याचे काय करू?

त्याला एक हत्ती किंवा वजीर कमी देऊन खेळवा, किंवा एकट्याला तिघांच्या गटाविरुद्ध बसवा. कायम मदतनीस बनवून ठेवू नका, त्यालाही हरण्याचा सराव हवा.

15. मुली स्वतःहून पटाकडे येत नाहीत. असे का होते?

मधल्या सुट्टीत बघा : पट आधी कोण पकडते? बहुतेक शाळांत मुलगे. जोड्या मुलांना निवडू देऊ नका, चिठ्ठ्या काढा, आणि सुट्टीतले निम्मे पट मुलींच्या नावे ठेवा. भिंतीवर चित्रे लावणारच असाल तर वासंती, जयश्री आणि रोहिणी या बुद्धिबळपटू खाडिलकर भगिनींची लावा, आणि 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे लावा. 2024 च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने सुवर्ण मिळवले, तेव्हा संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते. पुण्यातल्या मुलींना ही गोष्ट जवळची वाटते.

इंग्रजी शब्द वापरणाऱ्या शाळांत मुले वजिराला "क्वीन" म्हणतात. दोन्ही नावे चालू द्या. पटावरचा सगळ्यांत ताकदवान मोहरा राणी आहे, हे ऐकून मुलींचे डोळे चमकतात.

16. मुलाचे आजोबा वेगळे नियम शिकवतात. वर्गात भांडण होते.

आजोबा चुकत नाहीत, ते देशी बुद्धिबळ शिकवत आहेत. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर जाते, किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) नाही, राजाला डावात एकदा घोड्याची उडी मिळते आणि शेवटच्या रांगेत पोचलेले प्यादे त्या पट्टीतला मोहरा होते. तपशील गावोगावी बदलतात. मीर सुलतान खान हे खेळाडू आधी असेच देशी नियम शिकले होते. पुढे त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद 1929, 1932 आणि 1933 असे तीनदा जिंकले.

वर्गात आंतरराष्ट्रीय नियम ठेवा, पण मुलाला घरी "तुमचं चुकलं" म्हणायला पाठवू नका. जमले तर आजोबांना एका शनिवारी बोलवा आणि देशी डाव मांडा. दोन्ही नियमांतला फरक फळ्यावर लिहून काढणे हा भाषेचाही चांगला तास होतो.

17. मात आणि स्टेलमेट यांत मुले गोंधळतात. आणि राजाच मारला तर?

शह आहे आणि सुटका नाही, तर मात. शह नाही पण खेळायला एकही चाल नाही, तर स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. वर्गात सगळ्यांत जास्त घडणारे उदाहरण : काळा राजा कोपऱ्यात एकटा आहे आणि पांढरा वजीर त्याच्यापासून अडीच घरांवर, म्हणजे घोड्याच्या उडीवर, येऊन बसला. जिंकत आलेला डाव गेला. फळ्यावर हे एकदा मांडून दाखवा आणि "एकट्या राजाला वजिराने घोड्याच्या उडीवरून अडवू नका" हे वाक्य लिहून ठेवा.

राजा मारला जात नाही. कुणी मारला, तर आधीची चाल चुकीची होती. ती परत घ्या आणि शह सोडवायला लावा. शह बऱ्याच चालींपूर्वीचा असेल तर दोघांना आठवते त्या शेवटच्या स्थितीपासून पुढे खेळवा.

18. दृष्टिहीन मूल वर्गात असेल तर?

विशेष पट मिळतो. काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असते, मोहऱ्यांना खाली खुंटी असते आणि एका रंगाच्या मोहऱ्यांना वर खूण असते. या मुलाला पट चाचपावाच लागतो, म्हणून "हात लावला" हा नियम त्याला मोहरा भोकातून वर काढल्यावरच लागतो. समोरच्या मुलाने आपली प्रत्येक चाल मोठ्याने सांगायची. ही सवय पुढे सगळ्या वर्गाला लावावी इतकी चांगली आहे. एका जागी न बसणाऱ्या मुलांसाठी अंगणात खडूने मोठा पट आखा आणि मुलांनाच मोहरे करा.

19. पालक म्हणतात, "पत्ते आणि जुगार शाळेत नको." काही जण लगेच स्पर्धेचे क्लास विचारतात.

पहिल्यांच्या भावनेचा मान राखा. प्राथमिक वर्गात पत्त्यांची गरज नाही, म्हणून ब्रिज आम्ही घेतच नाही. पालकसभेत पट मांडून पालकांनाच एक डाव खेळू द्या, शंका तिथेच फिटते. क्लास विचारणाऱ्यांना सांगा, की मूल स्वतः मागत असेल तर जरूर पाठवा. त्याआधी एक वर्ष शाळेतला खेळ होऊ दे.

20. बोलण्याच्या वेळी मुलाने घरी मारहाण किंवा त्याहून गंभीर काही सांगितले तर?

ऐकून घ्या, खोदून विचारू नका आणि "कुणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. मदतीसाठी 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. या प्रशिक्षणाने तुम्ही समुपदेशक होत नाही, आणि ते काम अंगावर घेऊही नका.

21. आमची द्विशिक्षकी शाळा आहे. चार इयत्ता एकत्र बसतात.

भोर, मुळशीच्या डोंगरातून हा प्रश्न हमखास येतो. इथे दोघांविरुद्ध दोघे (प्रश्न 7) आणखी उपयोगी पडते : प्रत्येक जोडीत एक मोठे आणि एक लहान मूल. चाल मोठ्या मुलाने सुचवायची, मोहरा लहानाने हलवायचा. चार-पाच संच पुरतात.

वाघ-शेळीही छान जमते. 25 बिंदूंच्या पटावर चार कोपऱ्यांत 4 वाघ असतात आणि 20 शेळ्या एकेक करून मांडायच्या. पाच शेळ्या मारल्या तर वाघ जिंकले, सगळे वाघ कोंडले तर शेळ्या. शेळ्यांच्या बाजूला पाच-सहा मुले एकत्र बसली की आपोआप चर्चा सुरू होते.

22. माझी बदली झाली तर हे सगळे थांबणार. त्यावर काही उपाय?

एका शाळेतून एकच शिक्षक पाठवू नका, दोघे या. संचाच्या प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा : पांढरे 16, काळे 16, जादा वजीर 2, पट 1. पेटी भरून मोजणे चौथीच्या मुलांकडे सोपवा. नोंदवहीत कुठल्या वर्गाचे काय शिकून झाले, याची तारीखवार एक-एक ओळ असू द्या. नव्या शिक्षकाने त्या पानापासून पुढे सुरू करायचे. अडले तर मासिक बैठकीला थेट यावे, नव्याने नाव नोंदवायची गरज नाही.